बायपास झाल्यावर दीड वर्ष थांबायचं ठरवलं तेव्हा

मागच्या वर्षी गौरीपूजनाच्या दिवशी चुलत सासूबाईंनी माझी ओटी भरली, पदरात खण नारळ घातला आणि दंडावरून हात फिरवत म्हणाल्या, "किती उतरलीस गं, आता पुढच्या गौरींना कडेवर बाळ घेऊनच ये." मी वाकून नमस्कार केला. आतल्या खोलीत माझ्या पर्सच्या चोरकप्प्यात रुमालात गुंडाळलेली प्रेग्नन्सी टेस्टची पट्टी होती, पहाटे पाचला सगळे झोपलेले असताना बाथरूममध्ये केलेली. एकच रेघ आली होती, म्हणजे नाही. पण पाळी ११ दिवस पुढे गेलेली आणि माझा त्या एका रेघेवर विश्वास बसत नव्हता, सोळा भाज्या निवडताना, पाहुण्यांची ताटं वाढताना मी दर थोड्या वेळाने आत जाऊन ती पट्टी उघडून बघत होते की दुसरी रेघ उमटली की काय.

आणि गौरीसमोर हात जोडून मी मनात म्हणत होते, आई, आत्ता नको. ज्या गोष्टीसाठी चार वर्षं उपास केले, सोनोग्राफीच्या रांगेत पोट भरून पाणी पिऊन बसले, तीच गोष्ट आत्ता देऊ नकोस म्हणून मागायचं. त्या दिवशी मला कोणाशी बोलताच आलं नाही. म्हणून आज सगळं लिहून काढतेय, कारण माझ्यासारख्या बऱ्याच जणी असतील आणि हे आपल्याला कोणी धड बसवून सांगत नाही.

थोडं मागून सांगते. जानेवारी २०२४ मध्ये माझं बायपास झालं. हार्टचं नाही, पोटाचं, वजन उतरवायचं, गॅस्ट्रिक बायपास (हे मला अजूनही आठवड्यातून एकदा तरी समजावून सांगावं लागतं). तेव्हा माझं वय ३३, उंची ५ फूट २ इंच आणि वजन ११२ किलो, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती त्याचा आकडा, ४५. पीसीओएस, म्हणजे बीजकोषांचा आणि हार्मोनचा त्रास, कॉलेजपासूनचा. पाळी तीन तीन महिने यायची नाही, आणि आली की पंधरा दिवस थांबायची नाही. लग्नाला सहा वर्षं झालेली, त्यातली चार वर्षं आम्ही बाळासाठी प्रयत्न करत होतो, आणि प्रत्येक डॉक्टर एकच सांगायचे, आधी वजन कमी करा. मग डाएट, मग जिम, मग पुन्हा वाढणं, असं करत करत शेवटी ऑपरेशनपर्यंत आलो. म्हणजे खरं सांगायचं तर माझं ऑपरेशन बाळासाठीच होतं, शुगर बॉर्डरला होती वगैरे कारणं होती पण मनात बाळच होतं.

डिस्चार्जच्या दिवशी फाईल मिळाली, चांगली जाडजूड. पहिले किती दिवस नुसतं पातळ, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ. रोज ६० ग्रॅम तरी प्रोटीन. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. कॅल्शियम आणि आयर्नची गोळी एकत्र घ्यायची नाही, मध्ये दोन तास ठेवायचे. सगळं होतं त्यात. आणि सर्जन दारातून निघता निघता म्हणाले, "आणि हो, किमान दीड वर्ष प्रेग्नन्सी नको हं." मी मान डोलावली. नवऱ्यानेही मान डोलावली. आमच्या दोघांच्याही डोक्यात एकच, चार वर्षांत राहिलं नाही ते आता काय राहणार. आणि दीड वर्ष नको तर कसं नको, काय वापरायचं, यावर त्या फाईलमध्ये एक ओळ नव्हती. १९२१ साली र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, लोकांच्या शिव्या खाल्ल्या, खटले अंगावर घेतले, त्याला शंभर वर्षं होऊन गेली, आणि एका मोठ्या शहरातल्या चांगल्या हॉस्पिटलच्या फाईलमध्ये पाळणा लांबवण्याबद्दल चकार शब्द नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

ऑपरेशननंतर तिसऱ्या महिन्यात केस मुठीने गळायला लागले आणि त्याच महिन्यात पाळी आली. मग बरोबर ३१ दिवसांनी परत आली. मग ३० दिवसांनी. मला आयुष्यात पहिल्यांदा कॅलेंडरवर गोल करता आला आणि तो खरा ठरला, मी आईला फोन करून सांगितलं, ती रडायलाच लागली. पण तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही की पाळी अशी नियमित यायला लागली याचा अर्थ बीज सुटायला लागलं. हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं. चरबी कमी झाली, इन्सुलिन ताळ्यावर आलं की बीजकोष कामाला लागतात, आणि हे वजन पूर्ण उतरायच्या कितीतरी आधी होतं, काही जणींचं अगदी दोन चार महिन्यांत. म्हणजे शरीर सगळ्यात कमी खात असतं, सगळ्यात जास्त झिजत असतं, नेमकं तेव्हाच दिवस राहण्याची शक्यता अचानक वाढते. ज्यांना "तुला नाही राहणार" असं वर्षानुवर्षं ऐकायची सवय झालीय त्याच बायका यात सापडतात.

मग जूनमध्ये चेहऱ्यावर पिंपल्स आले म्हणून घराजवळच्या एका डॉक्टरांकडे गेले. पीसीओएस म्हटल्यावर त्यांनी २१ गोळ्यांची हार्मोनची पाकिटं लिहून दिली. ऑपरेशन झालंय का, कुठलं झालंय, काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही, मला वाटलं पिंपल्सचा आणि पोटाचा काय संबंध. उलट मी खूश, म्हटलं चला गर्भनिरोधक गोळी पण झाली आणि पिंपल्सचं औषध पण झालं, एका दगडात दोन पक्षी, कंडोमची कटकट संपली. दोन महिने ठीक गेलं. ऑगस्टमध्ये एका लग्नात दोन चमचे बासुंदी खाल्ली आणि बायपासनंतर गोडाने जे होतं, ज्याला डम्पिंग म्हणतात, ते झालं, छातीत धडधड, दरदरून घाम, मग जुलाब, आणि ते जुलाब पुढे चार पाच दिवस चालले. त्या पाकिटानंतर मधल्या सात दिवसांत यायला हवी होती ती पाळी आलीच नाही. आणि मग गणपती आले.

गौरी गणपतीचं विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी गायनॅककडे गेले, या वेळी दुसऱ्या, मैत्रिणीने सांगितलेल्या. साठीच्या आसपासच्या बाई आहेत. रक्ताची टेस्ट केली, निगेटिव्ह आली, म्हणजे दिवस राहिलेले नव्हते, हार्मोनच मागेपुढे झाले होते. मी टेबलावर डोकं टेकवून रडले. त्यांनी रडू दिलं. मग माझ्याच रिपोर्टची मागची कोरी बाजू घेतली आणि पेनाने माझं नवीन पोट काढून दाखवलं, सुपारीपेक्षा थोडी मोठी पिशवी, तिला खालून जोडलेलं आतडं, आणि बाजूला पडलेला जुना मोठा पोटाचा भाग आणि आतड्याचा पहिला तुकडा, ज्याच्यातून आता अन्न जातच नाही. "हे बघ बाळा," त्या म्हणाल्या, "गोळी गिळल्यावर ती शोषली जायला हवी ना, तुझा रस्ताच बदललाय. किती शोषली जाईल त्याची खात्री मी देऊ शकत नाही, आणि त्यात उलट्या जुलाब झाले की झालंच. बायपासवाल्यांनी तोंडातून घ्यायच्या गोळीवर पाळणा लांबवायचा नाही."

इथे एक सांगते, ज्यांचं स्लीव्ह, म्हणजे वजन उतरवायचं दुसरं ऑपरेशन, झालंय त्यांचं थोडं वेगळं आहे. स्लीव्हमध्ये पोट लहान करतात, आतड्याचा रस्ता बदलत नाहीत, त्यामुळे त्यांना गोळी चालते असं सांगतात, फक्त सुरुवातीच्या उलट्यांच्या दिवसांत तिचा भरवसा नाही. पण इस्ट्रोजेनवाली गोळी ऑपरेशनच्या आधी काही आठवडे बंद करायला सांगतात दोन्हीकडे, कारण वजन जास्त, वर ऑपरेशन, वर ती गोळी, म्हणजे पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका. तुमचं कुठलं झालंय ते तुम्हाला नावासकट माहीत असायला हवं. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निम्म्या जणी नुसतं "पोटाचं ऑपरेशन" म्हणतात.

मग बाईंनी एकेक करून सगळं सांगितलं आणि मी घरी येऊन वहीत लिहिलं, त्या वहीतूनच सांगतेय.

कंडोम, वापरत असाल तर सोडू नका पण फक्त त्यावर राहू नका, कारण घरोघरी जसा वापरला जातो तसा धरला तर वर्षभरात १०० पैकी साधारण १३ जोडप्यांना दिवस राहतात. मला हा आकडा ऐकून धक्काच बसला. छाया, म्हणजे आधीची सहेली, लखनौच्या सरकारी संस्थेत शोधलेली आपली भारतीय गोळी, तिच्यात हार्मोन नाही, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा घ्यायची, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. मला ती फार आवडली होती पण तीही पोटातूनच जाणार, मग प्रश्न तोच. अंतरा, तीन महिन्यांनी एकदा घ्यायचं इंजेक्शन, तेही सरकारीत फुकट, आणि इंजेक्शन असल्यामुळे पोटाचा प्रश्न नाही. पण त्याने हाडांची घनता कमी होते, आणि बायपासमध्ये कॅल्शियम, व्हिटॅमिन डी आधीच कमी शोषलं जातं म्हणजे हाडांवर दोन्हीकडून मार. शिवाय वजन वाढू शकतं, आणि बंद केल्यावर पाळी आणि बीज पूर्ववत व्हायला बरेच महिने लागू शकतात. मला दीड वर्षानंतर लगेच प्रयत्न करायचा होता, त्यामुळे ते बाद. दंडात बसवायची काडी पण असते, तीन वर्षांची, ती आपल्याकडे आत्ता आत्ता यायला लागलीय, मला जवळपास मिळाली नाही.

राहिली तांबी. कॉपर टी ला आमच्याकडे अजून तांबीच म्हणतात. हार्मोन नाही, एक ५ वर्षांची, एक १० वर्षांची, सरकारीत फुकट, पोटाशी काही संबंध नाही, कधीही काढा आणि पुढच्या महिन्यात प्रयत्न करा. खरं तर बहुतेक जणींना हीच उत्तम. पण माझं हिमोग्लोबिन तेव्हा ९.८ होतं. बायपासनंतर आयर्न शोषायचा भागच बाजूला पडतो म्हणून रक्त कमी होतंच, आणि तांबीने पहिले काही महिने तरी अंगावरून जास्त जातं. आणि दुसरं जे मला तोपर्यंत माहीतच नव्हतं. तांबीने पोटात दुखतं, दुखलं की आपण काय घेतो, मेफ्टाल. प्रत्येक बाईच्या पर्समध्ये असते, माझ्याही होती, त्याच चोरकप्प्यात. बाईंनी ती मागितली, हातात घेऊन मागचं नाव वाचून दाखवलं, मेफेनॅमिक अॅसिड, आणि ड्रॉवरमध्ये टाकून दिली. बायपासनंतर ही, ब्रुफेन, डायक्लोफिनॅक, या जातीच्या सगळ्या पेनकिलर बंद, कारण पोट आणि आतडं जिथे जोडलंय तिथे अल्सर होतो. फक्त पॅरासिटामॉल. मी ऑपरेशननंतर चार पाळ्यांना मेफ्टाल घेतली होती. फाईलमध्ये ते लिहिलेलं असेलही, पण इंग्रजीत औषधांच्या जातीचं नाव लिहिलेलं असतं, मेफ्टाल म्हणजे तीच जात हे आपल्याला कसं कळणार. कोणाचं वाचायचं राहून जाऊ नये म्हणून हे ठळक सांगतेय, बायपास झालं असेल तर पाळीत मेफ्टाल नको.

शेवटचा पर्याय, हार्मोनचं आययूएस. दिसायला तांबीसारखंच, टी आकाराचं, पण त्याला तांब्याची तार नसते, त्यातून रोज थोडं थोडं हार्मोन थेट गर्भपिशवीतच सुटतं, त्यामुळे पोटाचा रस्ता बदललेला असला तरी फरक पडत नाही. इस्ट्रोजेन नाही. १०० बायकांत वर्षाला एकीलाही क्वचितच दिवस राहतात. आणि माझ्यासाठी महत्त्वाचं म्हणजे त्याने रक्तस्राव कमी होतो, काही जणींचा बंदच होतो. शिवाय पीसीओएसमध्ये वर्षानुवर्षं पाळी न आल्याने पिशवीचं अस्तर जाड होतं, त्यालाही ते चांगलं. वाईट बाजू म्हणजे पैसे, मला बसवण्याच्या फीसकट ११ हजार लागले, आणि पहिले तीन ते सहा महिने कधीही थोडे थोडे डाग पडत राहतात.

हे सगळं ऐकून घरी आले आणि खरा निर्णय तिथे होता. कारण काय वापरायचं हे डॉक्टर सांगू शकतात, थांबायचं की नाही हे नाही. नवरा चार दिवस काही बोललाच नाही. मग एका रात्री ताटं धुताना म्हणाला, "अगं पण आता पाळी नियमित झालीय, तू ३४ ची झालीस, आपण ज्याची वाट बघत होतो ते हेच ना? परत वजन वाढलं, परत पाळी बंद झाली तर?" त्याचं चुकीचं नव्हतं. माझ्याही मनात तेच होतं, फक्त मी बोलले नव्हते. संधी आली आणि आपण स्वतःच दार लावून घेतोय असं वाटत होतं. मी त्याला माझे रिपोर्ट दाखवले. फेरिटिन, म्हणजे शरीरातला आयर्नचा साठा, तळाला, बी१२ कमी, डी कमी. दिवसभरात मी जे खात होते ते एका वाटीत मावत होतं, अर्धी वाटी मुगाचं कढण, एक अंड्याचं पांढरं, चार चमचे दहीभात, प्रोटीन पावडरचं ताक. त्या वाटीतून माझंच भागत नव्हतं. वजन झपाट्याने उतरत असताना दिवस राहिले तर बाळ वजनाने लहान राहण्याची, वेळेआधी होण्याची भीती असते, म्हणून १२ ते १८ महिने थांबा म्हणतात, कोणी २४ पण सांगतात. आणि थांबल्याने फायदाही आहे, वजन स्थिर झाल्यावरच्या गरोदरपणात शुगर आणि बीपीचा त्रास आधीच्या वजनापेक्षा कमी होतो. हे मी त्याला बाईंनी जसं सांगितलं तसंच्या तसं सांगितलं. तो बराच वेळ ती वाटी धूत राहिला. मग म्हणाला, "मग दीड वर्ष पूर्ण करू. पण तारीख ठरवून टाक, नुसतं पुढे पुढे ढकलायचं नाही." जुलै २०२५ अशी तारीख आम्ही कॅलेंडरच्या मागे लिहिली.

सासूबाईंना सांगायचं मला धाडस होत नव्हतं. त्या मितभाषी, देवधर्म कडक, माझ्यासाठी संकष्ट्या धरलेल्या. एका दुपारी शेंगा सोलत बसलो होतो तेव्हा मी एका दमात सांगून टाकलं, आई, डॉक्टरांनी पुढच्या जुलैपर्यंत थांबायला सांगितलंय, आणि मी आत बसवून घेणार आहे. त्या शेंगा सोलायच्या थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "तांबी का?" मी म्हटलं तसंच काहीसं. मग म्हणाल्या, "मी पण बसवली होती. हा दीड वर्षाचा होता तेव्हा. गावात नर्सबाई यायच्या त्यांनी आरोग्य केंद्रात नेलं. तुझ्या सासऱ्यांना दोन वर्षं माहीत नव्हतं." एवढंच. मग बोटाने टरफलं गोळा करत, "माझं रक्त फार जायचं बाई, तू तुझ्या रक्ताचं बघ." मी इतकी वर्षं त्या घरात आहे, आणि आम्ही दोघी असं पहिल्यांदा बोललो.

ऑक्टोबरमध्ये आययूएस बसवून घेतलं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, मिस्टर आलेत का, त्यांची सही लागेल. मी म्हटलं माझी सही चालेल ना. ती म्हणाली आमच्याकडे पद्धत आहे. बाईंनी आतून ऐकलं आणि बाहेर येऊन तिला सांगितलं की काही लागत नाही, आणि खरंच लागत नाही, सज्ञान बाईने स्वतःच्या शरीरात काय बसवायचं त्याला नवऱ्याची सही कायद्याने कुठेच लागत नाही. गर्भपातालाही नाही, तिथेही कायदा सज्ञान बाईची स्वतःचीच संमती मागतो. माझा नवरा आला असता तर त्याने आनंदाने सही केली असती, पण मुद्दा तो नाहीये.

एक तास आधी पॅरासिटामॉल घेतलं होतं. टेबलावर पाय वर, छताचा पंखा, एक ट्यूबलाईट मिणमिणत होती. एक चिमटा लागतो पिशवीच्या तोंडाला, तो जाणवतो. मग आत मोजतात ते जाणवतं, पाळीच्या पहिल्या दिवसाची कळ असते ना तशी पण एकदम, कमरेपर्यंत. मी मोठ्याने आई गं म्हटलं. मग अजून एक कळ, आणि झालं, सगळं मिळून पाच मिनिटं. दोरे कापल्याचा बारीक आवाज आला. थोडा वेळ चक्कर आल्यासारखं झालं म्हणून तसंच झोपवून ठेवलं. सगळ्यांनाच इतकं दुखतं असं नाही, ज्यांचं बाळंतपण झालंय त्यांना कमी दुखतं म्हणतात. पण काहीच दुखत नाही असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही, रिक्षाने एकटीने घरी यायचं ठरवू नका. घरी येऊन गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपले, सासूबाईंनी पेज करून दिली.

नंतर कळलं की काही ठिकाणी हे बायपासच्या ऑपरेशनच्या वेळीच, त्याच भुलेत बसवून देतात. मला कोणी विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, कळही कळली नसती आणि तो गणपतीही तसा गेला नसता. ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांनी हे आधी विचारा, सर्जनला आणि गायनॅकला दोघांना, कारण ते आपापसात बोलतातच असं नाही.

मग चार महिने डाग. रोज नाही पण कधी येईल सांगता येत नाही, मी पांढरे लेगिंग्ज घालायचं सोडून दिलं, पूजेला बसायचं की नाही हा घरातला वेगळाच विषय झाला, शेवटी सासूबाईच म्हणाल्या डाग म्हणजे पाळी नव्हे, बस. फेब्रुवारीपासून जवळजवळ काहीच नाही. मध्ये आयर्नचं सलाईन घेतलं दोनदा, गोळ्यांनी भागत नव्हतं. हिमोग्लोबिन ११.९ वर आलं. वजन ७१ वर थांबलंय तीन महिने झाले.

ग्रुपमधल्या एका मैत्रिणीचं वेगळं. ती ४१ ची, दोन मुलं मोठी, तिला आता मूल नकोच. सगळे तिला म्हणत होते तू ऑपरेशन करून घे. तिचं पोट एकदा दुर्बिणीने उघडलेलं, परत कशाला, म्हणून तिच्या नवऱ्याने नसबंदी करून घेतली, बिनटाक्याची, दुसऱ्या दिवशी कामावर, फक्त तीन महिने कंडोम आणि मग वीर्य तपासून नक्की करायचं. २०१९ ते २१ च्या सरकारी पाहणीत देशात बायकांची नसबंदी जवळपास ३८ टक्के आणि पुरुषांची ०.३ टक्के. तो माणूस आमच्या ग्रुपमध्ये कोणालाच भेटलेला नाही पण आम्हाला सगळ्यांना तो आवडतो.

आणि एकीला पाचव्या महिन्यातच दिवस राहिले. कंडोम फाटला, आय-पिल, म्हणजे संबंधांनंतर घ्यायची गोळी, घेतली, तरी राहिले. वजन जास्त असेल तर ती गोळी तेवढं काम करत नाही आणि वर ती पोटातूनच शोषली जायची असते. अशा वेळी पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर ती सगळ्यात खात्रीची, हे तिला नंतर कळलं. ती फार घाबरली होती, सगळे तिला भलतंसलतं सांगत होते. पण तिने ठेवायचं ठरवलं, दर महिन्याला रक्त तपासलं, डाएटिशियन आणि गायनॅक दोघींच्या हाताखाली राहिली, आणि तिची मुलगी २.४ किलोची झाली, थोडी लहान पण छान. शुगर बघायला ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजतात ना गरोदरपणात, ते बायपासवाल्यांनी पिऊ नये, डम्पिंग होऊन माणूस आडवा होतो, तिने ते सांगून टाळलं आणि त्याऐवजी एक आठवडा घरी बोटातून शुगर तपासली. म्हणजे चुकून राहिलंच तर सगळं संपलं असं नाही, लगेच डॉक्टरकडे जा आणि ऑपरेशनचं नाव सांगा एवढंच. ठेवायचं की नाही तेही तुम्हीच ठरवा.

आमचा जुलै आता आलाय. आधी सगळ्या तपासण्या, बी१२, फेरिटिन, डी, फोलेट, थायरॉइड. फोलिक अॅसिड ५ ची गोळी बाईंनी आधीच सुरू केलीय आणि मल्टिव्हिटॅमिन बदलून दिलंय, कारण जुन्यातलं व्हिटॅमिन ए ज्या प्रकारचं होतं ते जास्त झालं तर बाळाला चांगलं नसतं, आता बीटा कॅरोटिनवालं आहे. रिपोर्ट नीट आले तर दोरा ओढून आययूएस काढायचं, त्याला म्हणे एक मिनिट पण लागत नाही. फेरिटिन अजून कमी असेल तर अजून तीन महिने, हे मी नवऱ्याशी आधीच बोलून ठेवलंय आणि या वेळी तो काही म्हणाला नाही.

सकाळी रक्त द्यायला निघाले तेव्हा सासूबाई दारात आल्या, म्हणाल्या, "काढायला जाशील तेव्हा मला सांग, मी येते बरोबर." गुरुवारी रिपोर्ट येतील.